छज्ज्यातले दोन बांबू

मी सून होऊन या घरात आले त्याच्या दुसऱ्या वर्षी, शिमग्याच्या तोंडावर, माझे सासरे सकाळी वारले आणि दुपारच्या आत उठून बसले. ते साल १९३४. आमच्या घरात मागची-पुढची सालं त्यावरूनच सांगतात. तांबडी गाय कधी आणली, तर आप्पा उठले त्याच्या पुढच्या वर्षी. विहिरीला पाणी कधी लागलं, तर आप्पा उठायच्या आदल्या वर्षी.

आमची वाडी भाट्याच्या खाडीच्या दक्षिणेला, डोंगराच्या पोटात. रत्नागिरीला जायचं तर तरीतून, म्हणजे उतारूंच्या होडीतून, खाडी ओलांडायची. सासऱ्यांना सगळे आप्पा म्हणत. घरं शाकारणं हे त्यांचं काम. बांबू बांधायचे, गवत घालायचं, कौलं परतायची, आणि कोणाचं चिऱ्याचं घर उठत असेल तर गवंड्यांना उभं राहायला परांची बांधायची. त्यांची काथ्याची गाठ पावसाने आवळत जाई, सुटत नसे.

त्या माघात त्यांना ताप धरला. काढे झाले, देवीला गाऱ्हाणं घातलं, ताप हटला नाही. माझे यजमान काशीराम मुंबईला गिरणीत होते. घरात मी आणि माझ्या सासूबाई, सोनूबाई. एका सकाळी आप्पांचं अंग थंड लागलं. शेजारच्या गोदूबाईला हाक मारली. ती वाडीतली सगळ्यात जुनी बाई. मूल जन्मलं की मेलं हे तीच सांगायची. तिने कापसाचा पेळू आप्पांच्या नाकाशी धरला, वाकून बघितलं आणि म्हणाली, "हलत नाय."

गोदूबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्या वेळी कोणाला आठवलं नाही.

सासूबाईंनी हंबरडा फोडला. एरवी बांगड्या फोडायच्या त्या माणूस उचलताना, पण गोदूबाईला कामात दिरंगाई आवडत नसे. तिने सासूबाईंना उंबऱ्याशी बसवलं, दगडाने दोन्ही हातांतल्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, गळ्यातलं उतरवलं. तोवर माणसांनी वाडीच्या बांबूच्या बेटातले दोन लांब माणगे तोडून आणले. माणगा म्हणजे आमच्याकडचा भरीव, सरळ बांबू. तिरडी बांधून झाली. आप्पांना अंगणात घेतलं, आणि वाडीचा गावकर, म्हणजे मानाचा म्होरक्या, सखाराम याने अंघोळीची पहिली घागर त्यांच्यावर ओतली.

आप्पांनी डोळे उघडले. म्हणाले, "पानी कोनी तापवलं नाय?"

अंगण रिकामं झालं. सखाराम तेवढा राहिला, कारण घागर त्याच्या हातात होती आणि ती कुठे ठेवायची ते त्याला सुचेना.

"आप्पा, तू हायस?"

"मंग कोन हाय?"

"बरं," सखाराम म्हणाला आणि त्याने घागर खाली ठेवली.

काशीरामांना निरोप सांगायला माणूस सकाळच्या बोटीने निघून गेला होता. बोटीमागून कोण धावणार. काशीराम डोकं आणि मिशा उतरवून घरी आले तेव्हा बाप ओटीवर पेज पीत बसलेला. आप्पांनी लेकाच्या टकलाकडे बघितलं आणि विचारलं, "कोन मेलं रे?"

यावर पुढे वाडी खूप हसली. त्या दिवशी कोणी हसलं नाही. काशीराम बापाशी धड बोलले नाहीत आणि परतीच्या बोटीने निघून गेले.

तिरडी त्याच दुपारी सोडली. सुंभ आणि आडव्या कामट्या पुरून टाकल्या. राहिले दोन लांब बांबू. वेळू जाळला तर वंश जळतो, म्हणून जाळायचे नाहीत. तिरडीला लागलेला बांबू घरात घ्यायचा नाही. खाडीत सोडले तर भरतीबरोबर दुसऱ्या कोणाच्या दारात जाऊन लागतील. शेवटी ते फणसाला टेकून उभे केले आणि तिथेच राहिले. सकाळी दार उघडलं की आधी ते दिसत.

तसेच सासूबाईंचे हात. शिमग्याला देवीची पालखी घरोघर येते, आणि घरातली मोठी सवाशीण पुढे होऊन ओटी भरते. आमच्या दारात पालखी आली तेव्हा सासूबाई आपणहून दाराआड गेल्या. मागे हो असं त्यांना कोणी म्हणालं नव्हतं, पुढे ये असंही कोणी म्हणालं नाही. ओटी मी भरली. पालखी हलली, ढोल पुढच्या अंगणात गेले, तरी त्या दाराआडून बाहेर आल्या नाहीत.

कासार आला तेव्हा आप्पांनी त्याला बसवून घेतलं. म्हणाले, "हिला हिरव्या भर." कासाराने पेटी उघडली आणि परत मिटली. "माजा हात होत नाय, आप्पा. एकदा फुटल्या हायत. गावकराचा शबूद आना, मंग भरतो."

मी एकदा चुलीपाशी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाय, मामंजी तर डोळ्यांसमोर हायत. कुंकू लावा की. कोण काय करणार हाय?"

त्या भाकरी थापत होत्या. थापता थापता म्हणाल्या, "मी रडले ती खरी रडले, हौसा. मानूस गेल्यावर जसं रडायचं तसं. ते आता माघारी कसं घेऊ?"

आप्पा पलीकडे ओटीवर होते. त्यांनी ऐकलं असणार. त्या दिवसापासून त्यांच्या मनाने एकच घेतलं: पुढच्या शिमग्याला सोनूने पालखीसमोर उभं राहायचं.

चैत्र-वैशाख हा शाकारणीचा हंगाम. त्या वर्षी आप्पांना कोणी बोलावलं नाही. जो माणूस धुतला गेला त्याचा हात छपराला कसा लावायचा. ज्याच्या घरातून आभाळ दिसत होतं तोही म्हणाला, "यंदा आमचं बरं हाय, आप्पा." तेव्हा आप्पा काठी घेऊन सखाराम गावकराकडे गेले. ताप गेल्यापासून पाय लटपटत होते, म्हणून मी सोबत गेले.

सखाराम आप्पांच्याच वयाचा. दोघांनी एका वर्षी लग्नं केलेली. तोही काठीवर आलेला, गुडघ्यांमुळे. आप्पांनी बांगड्यांसाठी त्याचा शब्द मागितला तेव्हा तो म्हणाला,

"मी एकट्यानं सांगून चालत नाय. लोक म्हनतात, तिरडी बांधली ती मोडली कुठं? ती फनसाला उभी हाय."

"मंग काय करू? खाऊ ती?"

"कामाला लाव. घराला लागली, तिच्यावर छप्पर उभं रायलं, एक पावसाळा निघाला, मंग तिला तिरडी कोन म्हनंल? मी सोता येऊन बघीन आनि सोनूला सवाशीन म्हनून हाक मारीन."

"आनि 'तुजी तिरडी माज्या घराला चालंल' असं कोन म्हनंल?" आप्पांनी विचारलं.

"ते तू बग," सखाराम म्हणाला. "मी तर नाय म्हननार."



पोट चालवायला आप्पा खाडीपलीकडे शहरात जाऊ लागले. त्यांच्या आधाराला मी जाई आणि तिथे घमेली वाही. तरीवरचा बाबल्या पहिल्या दिवशी म्हणाला, "आप्पा, मेलेल्याची उतराई घ्यायची का नाय? माज्या बापानं काय शिकवलं नाय बाबा."

"अर्धी घे," आप्पा म्हणाले. "जाताना मेलेला, येताना जिता."

काम होतं गोपाळकृष्णांच्या घरावर. आंब्याच्या बागा असलेले परशुरामपंत, त्यांचा हा मुलगा. मुंबईला घरांचे नकाशे काढायला शिकून आला होता. लोक गोपाळकृष्णांना गोपाळराव म्हणत. आप्पांना ते 'तुम्ही' म्हणत आणि आप्पा त्याने अवघडून जात.

ते घर समुद्राच्या बाजूला, कड्याच्या माथ्यावर उठत होतं. चिरा होता तो जोत्यापुरता. वर सगळं सिमीट. कौलं नाहीत, वासे नाहीत, वर सपाट गच्ची. एक कोपरा गोल. जिथे खांब असायला हवा तिथे, कोपऱ्यावरच, खिडकी. गच्चीला लोखंडी नळ्यांचा कठडा, बोटीवर असतो तसा. शहरात त्या घराचं नाव 'बोट' पडलं होतं. परशुरामपंत एकदा येऊन बघून गेले आणि म्हणाले, "मी काय खलाशी आहे इथे राहायला?" ते परत आले नाहीत. गोपाळराव त्यानंतर कमी बोलू लागले. त्यांचा चेहरा काम संपायच्या आधीच थकला होता.

मला ते घर आधी वेडगळ वाटलं. मग रोज बघून सवय झाली. दुपारी त्या रिकाम्या खोल्यांत वारा एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने जाई, आणि कुठेही अंधारा कोपरा नव्हता. आमच्या घरात सासूबाई ज्या दाराआड उभ्या राहिल्या तसली जागा त्या घरात शोधून सापडली नसती.

एक गोष्ट मात्र मजेची होती. ते एवढं सिमिटाचं घर, पण बनताना उभं होतं बांबूंवर. बाहेरून आप्पांची परांची. आतून, स्लॅब ओतायच्या फळ्यांना खालून दिलेले बांबू, दाट, बेटात शिरल्यासारखे. सिमीट धरलं की बांबू काढून घेत. मग घर आपलंआपण उभं आहे असं दिसे.

वैशाखात गच्चीचा स्लॅब झाला. राहिला पुढचा छज्जा. तो घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसलग, खाली एकही खांब नाही, नुसता हवेत पुढे आलेला. गोपाळरावांचा सगळा जीव त्या छज्ज्यात होता. आणि नेमक्या तिथे लोखंडी सळया कमी पडल्या. सळया मुंबईहून बोटीने यायच्या, आणि पावसाळ्यासाठी बोटी बंद झाल्या होत्या. आता नारळी पुनवेनंतरच.

गोपाळरावांनी एक परदेशी मासिक आणून आप्पांसमोर ठेवलं. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं, पण चित्र कळलं. फळ्यांच्या पेटीत बांबू आडवे मांडलेले आणि एक माणूस वरून सिमीट ओततोय.

"सळयांऐवजी बांबू," गोपाळराव म्हणाले. "तिकडे करून बघितलंय लोकांनी. सुकलेला हवा, डांबर लावलेला. आप्पा, मिळतील?"

आप्पांनी चित्रातल्या बांबूंवरून बोट फिरवलं.

"कोळ्यांकडं सुकलेले मिळतील, दादा. पन पुढच्या कडेला दोन लांब सरळ लागतील. ते माज्याकडं हायत."

"मग आणा."

"ते आनायच्या आदी तुमाला सांगायला पायजे."

आणि आप्पांनी सगळं सांगितलं. ताप, पेळू, घागर, बांगड्या, पालखी, गावकर काय म्हणाला ते. मी घमेलं खाली ठेवून उभी होते. मला वाटलं, आता दोघांनाही कामावरून जावं लागणार.

गोपाळराव हसले नाहीत. म्हणाले, "बांबूला काय ठाऊक, आप्पा, त्याला कशासाठी तोडलं ते."

"त्याला नाय ठाऊक. वाडीला ठाऊक हाय."

"आणा ते. छज्जा घराच्या बाहेर आहे. आत कोणाच्या डोक्यावर यायचे नाहीत." मग आवाज खाली आणून म्हणाले, "फक्त उमाच्या कानावर जाऊ देऊ नका."

उमा म्हणजे त्यांची बायको. ती जुन्या घरातून दुपारी डबा घेऊन यायची आणि कोणाशी फार बोलायची नाही.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी ते दोन बांबू खांद्यावर घेतले, मी मागचं टोक धरलं. सासूबाई दारात उभ्या होत्या. कुठे नेताय विचारलं नाही. त्यांना माहीत होतं. बाबल्याने बांबू बघितले आणि तरीची होडी मागे घेतली. आप्पा म्हणाले, "तरीत नको, मागं बांदून ने. लाकूडच हाय ते." असे ते पाण्यातून, तरीमागून ओढत पलीकडे गेले.

आप्पांनी बांबूंना डांबर फासलं, त्यावर वाळू घोळवली, चित्रातल्यासारखे मांडले आणि काथ्याने बांधले. गोपाळराव प्रत्येक गाठ हात लावून बघत होते. सिमीट ओतलं तेव्हा मी पाट्या वाहत होते. पुढच्या कडेला आमचे दोन बांबू सिमिटाखाली गेले. आप्पांनी तिकडे हात जोडले की हाताचं सिमीट झटकलं, मला नीट दिसलं नाही.

पावसाळ्यात घरी भातलावणी झाली. अधूनमधून आप्पा खाडीच्या काठी जाऊन पलीकडच्या कड्याकडे बघत. तिथून घर पुसटसं पांढरं दिसायचं. एकदा भर आषाढात, तरीची ये-जा बंद असताना, बाबल्याच्या लहान होडीतून जाऊन बघून आले. चिंब भिजून आले आणि चुलीपुढे बसून म्हणाले, "उभा हाय." त्या रात्री सासूबाईंच्या ताटातही आप्पांच्या ताटातल्यासारखाच भाजलेला सुका बांगडा होता. गेले कितीतरी महिने त्या विधवेचं अळणी जेवत होत्या. मी ताटाकडे बघितलं हे त्यांनी बघितलं. म्हणाल्या, "शिल्लक होता."

भाद्रपदात उघडीप पडली. आम्ही परत कामावर गेलो तर गोपाळराव छज्ज्याखाली वर बघत उभे होते. छज्ज्याच्या खालच्या अंगाला एक रेघ गेली होती. पुढच्या कडेपासून हातभर आत, बांबू जिथे होता तिथून, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"बांबू पाणी प्यायला, आप्पा," ते म्हणाले. "ओलं सिमीट प्यायला, फुगला. आता सुकतोय आणि आत सैल होतोय. मासिकात हे असेल लिहिलेलं कुठे तरी. मला छज्जाच दिसत होता."

"मना पन नाय कळलं," आप्पा म्हणाले. "मी बांबू छपराला बांदले. सिमिटात कदी पुरले नायत."



"पाडावा लागेल," गोपाळराव म्हणाले. "पहिल्या बोटीने सळया येताहेत. खालून माणसं जातात, हा असा ठेवता येणार नाही."

आप्पा जोत्यावर बसले. "दादा, गावकर येऊन बघू दे. मंग पाडा."

"तो कधी येणार?"

"भात कापून झालं की."

"म्हणजे दिवाळी. आप्पा, तोवर हा पडला तर?"

"मी टेकू देतो. पडायचा नाय."

गोपाळराव जरा चिडले. मी त्यांना तेवढं एकदाच चिडलेलं बघितलं. "या छज्ज्यात दुसरं आहे काय, आप्पा? खाली काही नाही एवढंच आहे. तिथे तुम्ही बांबूची रांग उभी करणार. आधीच लोक हसतात. आता म्हणतील, बोट लंगडी झाली."

 ते खरंच होतं.

तेवढ्यात उमावहिनी डबा घेऊन आल्या होत्या. त्या कधी आल्या ते आम्हाला कळलं नाही. त्यांनी डबा खिडकीत ठेवला.

"राहू दे दिवाळीपर्यंत," त्या म्हणाल्या.

"तुला ठाऊक नाही ते काय आहे," गोपाळराव म्हणाले.

"पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. मोलकरणीला ठाऊक आहे, मासळीवालीला ठाऊक आहे. एक तुम्हालाच वाटत होतं की कोणाला ठाऊक नाही." मग त्या माझ्याकडे वळल्या. "सासूबाई कशा आहेत तुझ्या?"

"बऱ्या हायत," मी म्हटलं.

"हात तसेच?"

"तसेच."

उमावहिनींनी नवऱ्याकडे बघितलं नाही. त्या स्वतःच्या बांगड्या मागेपुढे करत उभ्या राहिल्या आणि मग रिकाम्या खोल्यांतून आत निघून गेल्या.

गोपाळराव म्हणाले, "द्या टेकू."

आप्पांनी छज्ज्याखाली बांबू उभे केले, रांगेने. पहिल्या बोटीने सळया आल्या आणि अंगणात पडून गंजू लागल्या. येणारे-जाणारे थांबून हसत. गोपाळराव त्या दिवसांत पुढच्या बाजूला येतच नसत, मागच्या दाराने ये-जा करत. मुंबईहून त्यांचे कोणी स्नेही घराचे फोटो काढायला यायचे होते, त्यांना त्यांनी येऊ नका म्हणून कळवलं. हे मला पुढे उमावहिनींनी सांगितलं.

भात कापून, झोडून झालं. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात सखाराम गावकर वाडीतले दोघे जण घेऊन तरीतून आला. कड्याची चढण त्याला सोसली नाही. वर पोचून तो बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला. मग काठी टेकत छज्ज्याखालून चालत गेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. रेघ त्याने बघितली. टेकू बघितले.

सोबतचा एक जण म्हणाला, "हे आपल्या पायावर उभं नाय, गावकरांनू. काठीवर हाय."

आप्पा खाली बघत होते. गोपाळराव मागच्या बाजूने आले होते, तेही भिंतीशी उभे होते.

सखाराम त्या माणसाकडे वळला. "मी कशावर उभा हाय?"

तो माणूस सखारामच्या काठीकडे बघू लागला.

"सांग की. काठीवरच ना? गेली चार वरसं काठीवर हाय. मना कोनी धुतलं काय रे अजून?" त्याने काठीने एका टेकूवर टकटक केलं. "तो आप्पा पन काठीवर. पावसाळा निघाला, उभं हाय. सोनू सवाशीन हाय. चला, मना उतरायला येळ लागतो."

गोपाळरावांनी त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं. सखारामने पाणी पिऊन त्या सपाट गच्चीकडे बघितलं आणि विचारलं, "पानी जातं कुठं वरचं?"

"नळातून," गोपाळराव म्हणाले.

"हां," सखाराम म्हणाला, आणि निघाला.

कासार दिवाळीत आला. सासूबाई ओटीवर बसल्या. त्यांचे हात वाळले होते, बांगडी सहज गेली असती, तरी कासार तेल लावून, हळू हळू भरू लागला. शेजारच्या बायका जमल्या होत्या. गोदूबाईही काठी चाचपत आली होती.

"भर," सासूबाई म्हणाल्या. "पन पुढच्या खेपंला पेळू धरायला हिला बोलवू नका."

बायका हसल्या. गोदूबाईसुद्धा हसली. म्हणाली, "मना काय दिसतंय गो आता. मी धरायची पन नाय."

रात्री सासूबाईंनी आप्पांचं ताट मांडलं आणि पूर्वीसारख्या समोर बसल्या. आप्पा जेवेनात. त्या म्हणाल्या, "जेवा." एवढंच बोलणं झालं. पुढच्या शिमग्याला पालखी आली तेव्हा ओटी त्यांनी भरली. थोडे तांदूळ बाहेर सांडले. मी मागे उभी होते.

छज्जा गोपाळरावांनी दिवाळी संपताच पाडला. आप्पांनीच टेकू काढले. सिमीट फोडलं तेव्हा आतले बांबू हाताने ओढून निघाले, म्यानातून काढावे तसे. सिमिटात त्यांची पेरं उमटली होती. गोपाळरावांनी तसा एक तुकडा उचलून बराच वेळ हातात धरला. नवा छज्जा सळयांचा झाला, खाली खांब नाही. तो चांगलाच झाला. परशुरामपंत तरीही राहायला आले नाहीत. गोपाळराव आणि उमावहिनी त्या घरात काही वर्षं राहिले, मग मुंबईला गेले. गोपाळरावांनी रत्नागिरीत तसलं दुसरं घर बांधलं नाही. कोणी सांगितलंच नाही त्यांना.

ते दोन बांबू आप्पांनी परत आणले. बाबल्याने या वेळी तरीतच घेतले. आप्पांनी ते परसात पडवळाच्या मांडवाला लावले आणि कोणी हरकत घेतली नाही. वाडीतली छपरंही त्यांना परत मिळाली, पण तोवर त्यांना वर चढवत नव्हतं. ते खाली बसून काथ्या वळत आणि वरच्याला गाठ कशी मारायची ते ओरडून सांगत.

सासूबाई त्यानंतर दोन वर्षांनी पौषात थंडीने आजारी पडल्या. एका पहाटे त्यांचं अंग थंड लागलं. मी आप्पांना उठवलं. आप्पांनी कोणाला हाक मारू दिली नाही. त्यांनी स्वतः कापसाचा पेळू घेतला, सासूबाईंच्या नाकाशी धरला आणि धरून बसले. बाहेर उजाडलं, गाय हंबरली, मी चूल पेटवली, पाणी तापत ठेवलं. ते धरून बसलेच होते. पेळू हलला नाही. मग म्हणाले, "पानी चांगलं कडकडीत कर," आणि त्यानंतर रडले. सासूबाईंना हिरवं नेसवलं, मळवट भरला. हातातल्या बांगड्या हातातच गेल्या.

आप्पा त्यानंतर दोन पावसाळे राहिले. त्यांच्या वेळी काशीराम घरी होते. माणसं बेटाकडे निघाली तेव्हा ते म्हणाले, "त्यांच्यासाठी तोडलेले परसात आहेत." तिरडीला हिरवा बांबू लागतो, पण सखाराम गावकर म्हणाला, चालेल. मांडवाचे दोन्ही बांबू काढले. एक भुंग्याने आतून खाल्ला होता, हातात घेताच पिठासारखा गळला. म्हणून एक जुना राहिला आणि एक नवा तोडून आणला.

माझ्या सासूबाई सोनूबाई १९३७ साली पौषात वारल्या. सासरे आप्पा १९३८ साली, नवरात्र बसायच्या आदल्या दिवशी वारले.